एकच फाईल आणि सगळ्यांचे पाय

आमच्या ह्यांना किळस फार लवकर येते. दुसऱ्याच्या घरी पाणी पिण्याआधी ग्लास उजेडाकडे धरून बघतात. साबणाच्या वडीला केस चिकटलेला दिसला की नवी वडी काढतात. आणि माझ्या उजव्या पायाकडे लग्न झाल्यापासून त्यांनी कधी सरळ बघितलेलं नाही. तो पाय जन्मापासून आखूड, पंजा आत वळलेला. मी बूट काढायला बसले की ह्यांना नेमकं दुसऱ्या खोलीतलं काम आठवतं. आधी वाईट वाटायचं. पुढे वीट आला, त्यांचाही आणि त्यांच्या त्या स्वच्छतेचाही.

माझा मोठा भाऊ अशाच पायांसाठी बूट करतो. दादाचं दुकान लहान, आत कातड्याचा आणि गोंदाचा वास. बूट ज्यांच्यावर बेततात ते लाकडी ठोकळे सगळ्यांना तेच. कोणासाठी ठोकळ्यावर कुठे किती कातड्याचा थर चढवायचा ते मापावर ठरतं. माप थोडं चुकलं तर माणूस लंगडतो, जास्त चुकलं तर घरी बसतो. ही मापं ठेवायला ह्यांनीच दादाला कम्प्युटरचा प्रोग्राम करून दिला होता. ह्यांचा धंदाच तो. मनापासून केला होता, खोटं कशाला बोलू?

प्रोग्राम चालायचा छान, पण त्याच्या फोल्डरमध्ये फायलींचा नुसता बुजबुजाट. एकदा दादाने त्यातली विचित्र नावाची एक फाईल नको असलेली समजून उडवली आणि प्रोग्राम उघडेनासा झाला. हे दुरुस्तीला गेले. फोल्डर उघडला आणि बेसिनच्या जाळीतले केस उपसताना करतात तसं तोंड केलं.

"शी! हे मी केलंय? दादा, ह्या सगळ्याची एकच फाईल करून देतो. डबल क्लिक केलं की सुरू. उडवायला काही नाही, हरवायला काही नाही."

"आणि पेन ड्राइव्हचं काय?" दादाने विचारलं. "मी दर आठवड्याला अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवतो."

"आता ही एक फाईल कॉपी करायची. संपलं."

मग मोठ्या हौसेने नवा प्रोग्राम बसवला, जुनी मापं त्यात घेतली, जुना फोल्डर पुसून टाकला. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या कॉप्याही कचरा म्हणून पुसल्या. घरी आल्यावर हात धुऊन म्हणाले, "आता कसं स्वच्छ वाटतंय!"

त्या एका फायलीची गंमत मला नंतर कळली. ती उघडली की कम्प्युटरच्या एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये गुपचूप आपलं सगळं सामान पसरते आणि तिथून चालते. म्हणजे पसारा तेवढाच, फक्त नजरेआड. आणि ह्यांनी पूर्वीच प्रोग्रामला सांगून ठेवलेलं, मापं आपल्या शेजारीच ठेवायची. तो बिचारा ठेवत होता, त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये. दादा इमानेइतबारे कॉपी करत होता ती नुसत्या प्रोग्रामची. त्यात एकाही पायाचं माप नव्हतं.

काही महिन्यांनी कम्प्युटर रखडायला लागला, म्हणून दादाने तात्पुरत्या फायली साफ करायचं बटण दाबलं. ते बटणही ह्यांनीच दाखवलेलं, अधूनमधून घाण काढत जा म्हणून.

दादाचा फोन मला आला. "सगळी मापं गेली गं. नर्सबाईंचा बुटांचा जोड फाटलाय, त्या दिवसभर उभ्या असतात. त्यांना काय सांगू? आणि ज्यांना चालताच येत नाही, ते माप द्यायला दुकानात येणार कसे?"

ह्यांनी सगळे उपाय करून पाहिले, काही परत आलं नाही. आणि मग म्हणतात, "पण दादांनी साफ करायचंच कशाला?"

मला त्यांची शिसारी आली. अगदी खरीखुरी, घशाशी येते तशी.

"मापं तुम्ही घालवलीत," मी म्हटलं, "तुम्हीच दारोदार जाऊन घ्यायची. दादा फिरत बसला तर बूट कोण शिवणार?"

दादाने त्यांना माप घ्यायला शिकवलं. रबरी हातमोजे घालून हे निघाले, दादाच्या वहीतले पत्ते घेऊन मी बरोबर. पहिलं घर नर्सबाईंचं. त्यांनी मोजा काढला. बोटं एकमेकांवर चढलेली, कडेला भोवरी, नख जाड पिवळं. ह्यांनी श्वास रोखला.

"तोंड कशाला वाकडं करताय?" बाई म्हणाल्या. "पाय आहे, मेलेला उंदीर नाही. आणि ते हातमोजे काढा. तुमचे दादा बोटांनी चाचपतात, तेव्हा त्यांना गाठ कळते."

काढावेच लागले. पुढच्या घरी एका म्हाताऱ्या चौकीदाराच्या भेगाळलेल्या टाचा होत्या. तिथून निघाल्यावर हे रस्त्यातच नळ शोधत सुटले. मला जराही दया आली नाही. पण एकेक घर करत सगळे पाय झाले. प्रोग्रामही सुधारला. आता मापांचा फोल्डर वेगळा, उघड्यावर, आणि दादा तोच कॉपी करतो. तेवढा पसारा ह्यांनी दात-ओठ खाऊन चालवून घेतला.

शेवटची मापं घरी टेबलाशी बसून भरताना हे म्हणाले, "सुटलो एकदाचा."

"माझं राहिलंय," मी म्हटलं. "तेही त्यातच होतं."

"तुझं ना? जुना बूट दे, त्याच्यावरून घेतो."

माझं डोकंच फिरलं. परक्या बाईची भोवरी चाचपली, चौकीदाराची टाच हातात धरली, आणि माझा फक्त बूट! मी बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून त्यांच्या चकचकीत टेबलावर ठेवला, कीबोर्डला लागून.

"घ्या."

त्यांनी आधी चहाचा कप लांब सरकवला. नाक मुरडलं ते मुरडलंच. मग टेप घेतली. टाच धरली, घोट्याखालची गाठ अंगठ्याने दाबून बघितली. मला भिंतीशी उभं करून दोन्ही पाय मोजले, टेपकडे बघितलं, खाली बसून पुन्हा मोजले.

"अगं, एवढा फरक आहे?"

"लग्नाच्या आधीपासून," मी म्हटलं.