देवासमध्ये दुभाष्या मिळतो

देवासच्या आम्हां मराठी लोकांना एक खोड आहे. भाजीवाल्यासमोर, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही मनातलं बोलायचं झालं की मराठीत बोलायचं. समोरच्या हिंदीवाल्याला कळत नाही या भरवशावर मी चारचौघांत सासूची उणीदुणी काढली आहेत. फोनवरही तोच भरवसा.

धारला दिलेली माझी धाकटी बहीण दुपारची जेवणं आटोपली की गच्चीवर जायची आणि मला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायची. तिला झोप येत नसे, जीव नकोसा व्हायचा. इंदूरच्या मानसोपचार डॉक्टरांचं औषध चालू होतं आणि ते नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. सासरी कळलं असतं तर डोक्यावर परिणाम झालाय म्हणून गावभर चर्चा झाली असती. माझ्यापाशी मात्र ती पोटभर रडायची.

मग यांच्या कारखान्यात संप झाला. संपाचे पुढारी कोणाकोणाशी बोलतात ते बघायला पोलिसांनी यांचा फोन नेला, आणि घरातला म्हणून माझाही. मी मनात हसले. म्हटलं, ऐका खुशाल, तुम्हाला काय डोंबल कळणार?

फोन परत देताना साहेब अगदी गोड बोलले. "कुछ नहीं निकला बहनजी. सब घर-गृहस्थी की बातें हैं."

"आपको मराठी आती है?"

"हमें कहाँ! आप ही के समाज के एक भिया को बुला लिया था. बेचारे दिन-दिन भर बैठे, सब सुनकर बताया."

समाज म्हणजे आमचं गणेशोत्सवाचं मंडळ. निम्म्यांची सोयरीक धारला. तो भिया, म्हणजे आमच्यातलाच भाऊ, कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. आरतीला उभी राहते तेव्हा मी एकेका पुरुषाचं तोंड न्याहाळते, आणि देवासमोर माझ्या मनात शिव्या येतात. पोलिसांना निदान ऐकायची नोकरी तरी आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हळूच विचारलं, "धारची कशी आहे? झोप लागते का आता?"

मी घरी येऊन बहिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. न सांगून कसं चाललं असतं? ती रागावली नाही. "बरं," म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी तिच्याकडून गुलाबाचं चित्र येतं. विचारलं तर मजेत असते.

गेल्या आठवड्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, ही हल्ली रात्ररात्र बसून असते. खात नाही, काही सांगत नाही. तुमच्याशी तरी काही बोलली का?"

औषध सोडलं असणार, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी फोनवर होते.

"नाही हो," मी म्हटलं, "मला काहीच बोलली नाही."