चार नंबरची खिडकी

इंग्लंडातल्या चेस्टरमधल्या त्या छोट्या हॉटेलात द्रौपदीबाई गजभिये पुढच्या दारानं पहिल्यांदा शिरल्या, तेव्हा त्यांना अडुसष्टावं वर्ष लागलं होतं. तसं त्या घराला त्यांचे पाय नवे नव्हते. एकोणऐंशी साली, नागपूरहून लग्न होऊन आल्यावर, दोन वर्षं त्या रोज सकाळी तिथं यायच्या. पण मागच्या दारानं, कोळशाच्या खोलीजवळच्या अरुंद जिन्यानं. नाटकात जशी पडद्यामागची माणसं असतात, तशा. प्रेक्षक यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि दिसायचं नाही.

आज मात्र एन्ट्री समोरून होती. जांभळी साडी, नवा कोट, केसांत पिन घट्ट बसवलेली. मागे मुलगी दीक्षा, चाकांची बॅग ओढत. लेस्टरला घरून निघताना नवऱ्यानं, भगवानरावांनी, हात जोडले होते. "माझे गुडघे जिने चढत नाहीत. तुझी खिडकी तुला लखलाभ!"

त्या खिडकीसाठीच हा सगळा घाट होता. चार नंबरची खोली पहिल्या मजल्यावर, अगदी कालव्यावर. खाली तांबड्या खडकात कोरलेली तीन लॉक्स, म्हणजे बोटी वर चढवायचे दारंवाले हौद, पाण्याच्या जिन्यासारखे एकावर एक. बोट खालच्या पायरीत शिरते, मागची लाकडी दारं लागतात, पाणी भरतं, बोट उचलली जाते आणि पुढच्या पायरीत जाते. तिन्ही चढायला पाऊण तास लागतो. आणि द्रौपदीबाईंना एका खोलीला मिळायची वीस मिनिटं. चादरी, उशा, बेसिन, गालिचा. काच पुसताना बोट पहिल्या लॉकमध्ये शिरताना दिसायची; न्हाणीघर उरकून बाहेर यावं, तर ती निघून तरी गेलेली असायची, नाही तर मधेच कुठंतरी अडकलेली. दोन वर्षांत एकही बोट त्यांनी खालून वरपर्यंत चढताना पाहिली नव्हती. पुढं लेस्टर, हॉस्पिटलातली नोकरी, मुलं, रात्रपाळ्या. ते राहून गेलं ते गेलंच.

पेन्शन सुरू झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी दीक्षाला सांगितलं, "चार नंबर. दुसरी कुठली नको. दोन रात्री." दीक्षानं आठ महिने आधी बुकिंग केलं.

आणि आता काउंटरवरच्या मॅनेजरबाईचा चेहरा उतरला होता.

"सकाळी एक भारतीय जोडपं आलं," ती म्हणाली. "त्यांचं बुकिंग सात नंबरचं होतं. मला वाटलं तुम्हीच आलात. मी चारची किल्ली दिली. मला फार वाईट वाटतंय. पण सात नंबर मोठी आहे, बागेकडे तोंड आहे, बाथटब आहे. आणि आजचं जेवण आमच्याकडून."

"त्यांचं आडनाव काय?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"परचुरे."

परचुरे आणि गजभिये यांत एकही अक्षर सारखं नव्हतं. द्रौपदीबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. मॅनेजरबाईला स्वतःलाच ते कळलं असावं, कारण ती कानापर्यंत लाल झाली.

दीक्षा तिच्या लेस्टरच्या मोडक्या मराठीत हळूच म्हणाली, "आई, चालेल ना? तो खोली मोठा आहे. आणि बोट आपण काठावरून पण बघू शकतो."

चालेल. हा शब्द द्रौपदीबाईंनी आयुष्यभर हसत वापरला होता. सुट्टी बदलली, चालेल. वरच्या जागेवर दुसरीला घेतलं, चालेल. पाहुणे आले, आपण जमिनीवर झोपू, चालेल.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या. "काठावरून कुणीही बघतं. मला खुर्चीत बसून बघायचंय." आणि साडीच्या निऱ्या सावरून त्या पुढच्या जिन्यानं वर निघाल्या.

चार नंबरच्या दारातून करपलेल्या दुधाचा वास येत होता. त्यांनी टकटक केली. दार एका उंच, पांढऱ्या मिशीच्या गृहस्थानं उघडलं. मागे खिडकीशी त्याची बायको उभी होती, हातात हॉटेलची इलेक्ट्रिक किटली, आणि किटलीतून चहा, साखर, दूध सगळं मिळून कडेनं ओघळत होतं.

"अरे वा, मराठी!" साडीच्या पैठणी काठांकडे बघून गृहस्थ खुलले. "या, या! मी डॉक्टर शशिकांत परचुरे, लंडनजवळच्या पिनरहून आलोय. ही वरदा. तुमचं नाव?"

"द्रौपदी गजभिये."

"गजभिये... म्हणजे नागपूरकडच्या का? म्हणजे मूळ..."

"मूळ नागपूरच. दीक्षाभूमीपासून चालत दहा मिनिटं," द्रौपदीबाईंनी पुढचा प्रश्न यायच्या आतच उत्तर दिलं. मग किटलीकडे बघितलं. "ताई, त्यात दूध उकळू नये. तळाला लागतं. उद्या कुणाला तरी नखांनी खरवडत बसावं लागेल. मी याच हॉटेलात दोन वर्षं ते केलंय. आणि डॉक्टर, ही खोली माझी आहे. आठ महिन्यांपूर्वी घेतलेली. तुमची सात नंबर."

वरदाताईंनी किटली खाली ठेवली. डॉक्टर मोठ्यानं हसले.

"अहो, आम्हाला वाटलं हॉटेलनं अपग्रेड दिलं! आता सामान लावून झालंय, वयही झालंय. असं करू या, संध्याकाळी तुम्ही चहाला इकडेच या. खिडकीत बसा, हवा तितका वेळ बसा. आपलीच माणसं आपण!"

"माझ्याच खोलीत मला चहाला बोलावताय?"

डॉक्टरांचं हसू मिशीतच राहिलं.

"तुम्ही सावकाश आवरा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मला घाई नाही. मी इथं बाहेर बसते."

आणि त्या खरोखरच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, मांडीवर पर्स घेऊन. दार बंद झालं. पाच मिनिटांनी मॅनेजरबाई आली. सगळे पैसे परत देते म्हणाली. "थँक यू, नको." दहा मिनिटांनी ती केक घेऊन आली. केक त्यांनी घेतला, कारण भूक लागली होती, पण जागेवरून हलल्या नाहीत. जाणारे-येणारे पाहुणे भिंतीला चिकटून वाट काढत होते.

"आई, लोक बघतोय," दीक्षा कुजबुजली.

"बघू दे. आत्तापर्यंत या घरात मला कुणी बघितलंच नव्हतं."

बंद दाराआड आवाज चढले. "एवढं काय त्यात!" हे डॉक्टरांचं. त्यावर वरदाताईंचा बारीक, न थांबणारा आवाज. मग नळाचं पाणी. मग कशानं तरी काही घासल्याचा आवाज, बराच वेळ.

पाऊण तासानं दार उघडलं. वरदाताई पुढे, खांद्याला पिशवी. मागे डॉक्टर, दोन बॅगा आणि एक ओला टॉवेल सांभाळत.

"किल्लीवर चार होता आणि आपल्या कागदावर सात," वरदाताई नवऱ्याकडे न बघता बोलल्या. "मी सकाळीच म्हटलं होतं. हे म्हणाले, गप्प बस, नशीब उघडलंय. आणि गजभियेबाई, किटली मी घासून ठेवली. थोडा डाग राहिलाय."

द्रौपदीबाई उठल्या. वरदाताईंची पिशवी घ्यायला हात आपोआप पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला. दीक्षानं ती उचलली.

"संध्याकाळी दोघं चहाला या," द्रौपदीबाई म्हणाल्या. "पातेल्यातला चहा मी किचनमध्येच करून आणते. मला तिथली वाट ठाऊक आहे."

डॉक्टरांनी "बघू" म्हटलं. पण पाच वाजता आले दोघंही. डॉक्टरांनी दोन कप घेतले आणि चहा चांगला झाल्याचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर द्रौपदीबाई खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या. नऊ वाजून गेले. हिरवी, लांबलचक बोट खालच्या लॉकमध्ये शिरली. सुकाणूशी एक म्हातारा आणि टपावर झोपलेलं कुत्रं. मागची दारं लागली. पाणी चढायला लागलं, इतकं हळू, की खडकावरच्या शेवाळाची ओळ बुडताना दिसावी.

मागे दीक्षा पलंगाशी वाकली होती. लहानपणापासून आईला बघून शिकलेली सवय; ती चादरीचा कोपरा खोचायला लागली.

"दीक्षा, हात लावू नकोस."

"अगं आई, दोनच मिनिट..."

"राहू दे तसंच. इकडे ये, बस."

बोट दुसऱ्या लॉकमध्ये सरकली. द्रौपदीबाईंना पाठीमागे विस्कटलेला पलंग जाणवत होता, चुरगळलेली उशी, जमिनीवर लोंबणारी चादर. तळहात शिवशिवत होते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मान वळवली नाही. सगळ्यात वरचं दार उघडायला अजून बराच वेळ होता.