चिकट चेंडू

कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात मला घेतलं ते केवळ उंचीमुळं. खेळ येत होता म्हणून नाही. चिकलठाण्यातल्या आमच्या घरी सगळेच उंच. अण्णा शेती सांभाळून जवळच्याच एका कारखान्यात पाळीला जायचे. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि सिटी बसनं शहरात यायचे. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणत.

मैदान कॉलेजच्या मागं होतं. पोलिस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या काळात, तिथं कुणा जहागीरदाराचे घोडे बांधायचे, असं शिपाईमामा सांगायचे. आता एका अंगाला नाला वाहायचा आणि दुसऱ्या अंगाला कमरेएवढी भिंत होती. त्या भिंतीवर रोज संध्याकाळी गावभरचे रिकामटेकडे बाप्ये येऊन बसायचे. शेंगदाण्याची टरफलं स्वतःच्या अंगणात टाकावीत तशी मैदानात टाकायचे आणि आम्ही चेंडू घ्यायला वाकलो की एकमेकांना कोपरानं ढोसायचे.

आमचे खेळाचे सर हे सगळं बघायचे आणि तंबाखू मळायचे. मळून झाली की चिमूट ओठाखाली जायची, आणि मग पुढचा सगळा वेळ ते थुंकत राहायचे. नाल्यापर्यंत जायचे कष्ट नव्हते. जिथं उभे तिथंच पिंक. तोंड तळहातानं पुसायचं आणि त्याच तळहातानं चेंडू उचलायचा. चेंडू कातडी होता, जुना होता, त्याच्या शिवणी उसवलेल्या होत्या. त्या शिवणींत तपकिरी ओल मुरलेली असायची. पहिल्याच दिवशी तो माझ्या हातावर आदळला आणि हाताला काहीतरी चिकटलं. मी नकळत हात ओढणीला पुसला. मग ओढणीचीही किळस वाटली. घरी जाईपर्यंत तो कोपरा मी अंगापासून लांब धरून बसले होते.

व्हॉलीबॉलमध्ये समोरून आलेली सर्व्हिस अंडरहँडनं घ्यावी लागते. दोन्ही हात जोडायचे, कोपरं ताठ करायची आणि मनगटाच्या वरच्या उघड्या भागावर चेंडू झेलून आपल्याच गड्याकडं उचलून द्यायचा. तो पास नीट गेला नाही तर पुढचं सगळं कोसळतं. माझा कधीच नीट जायचा नाही. चेंडू जवळ आला की माझी कोपरं आपोआप मोडायची, हात एकमेकांपासून सुटायचे, आणि चेंडू कधी नाल्यात, कधी भिंतीवरच्या माणसांत. ते टाळ्या पिटायचे. एकानं तर तो मांडीवर धरून ठेवला होता, मी मागायला जाईपर्यंत.

सरांचा उपाय एकच होता. मला पाच फुटांवर उभं करायचं आणि स्वतः बाकावर चढून सगळ्या ताकदीनं चेंडू हातावर हाणायचा.

"भीती मोडली पाहिजे तुझी," ते म्हणायचे. "बस खाली. अजून खाली. म्हशीसारखी उभी काय राहतेस?"

भिंतीवर हशा पिकायचा. सरांनाही हसू यायचं, आणि त्यांच्या ओठाच्या कडेनं ओघळ यायचा. मी तो ओघळ बघत उभी राहायचे आणि चेंडू माझ्या हातावर फाडकन बसायचा. माझी भीती मोडली नाही. हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे झाले.

आईनं भाकरी थापताना ते बघितलं. पीठ लागलेल्या हातानंच माझा हात धरला.

"कुणी मारलं गं?"

"कुणी नाय. खेळताना चेंडू लागतो."

"असला कसला खेळ? आंबेहळद लाव. आन् बापाला दाखवू नको, उद्यापासून बस बंद करतील."

खेळ मीच बंद करणार होते. आमच्या कॅप्टनला तसं सांगायला गेले. ती तिसऱ्या वर्षाला होती, छावणीकडं राहायची आणि दख्खनी बोलायची. सगळ्या तिला आपा म्हणत. अंगानं बारीक, पण कसलीही सर्व्हिस तिच्या हातावर येऊन शांत व्हायची.

तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "तेरे कू डर नहीं लगता. मैं देखती ना रोज. डरनेवाली आँखां मीचती. तेरी आँखां खुली रहती. तेरे कू घिन आती उस गेंद की."

माझे डोळे भरून आले, कारण कुणीतरी ते मोठ्यानं म्हटलं होतं.

"मेरे कू भी आती," ती म्हणाली. "मैं घर जाके साबण से दो-दो बार हाथ धोती. कल सुबह छावनी के मैदान पे आ. मेरे भाई का गेंद है. साफ है."

सकाळच्या पहिल्या बसनं मी गेले. मैदानात दोन-तीन म्हातारे फेऱ्या मारत होते, बाकी कुणी नव्हतं. आपानं चेंडू ओल्या फडक्यानं पुसून आणला होता. तिनं तो आधी माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पकड के बैठ."

मग तिनं शिकवलं. खेळायला मात्र तो लगेच दिला नाही. एक मूठ दुसऱ्या तळव्यात, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, मनगटं जमिनीकडं दाबलेली. असं केलं की कोपरं मोडताच येत नाहीत, हे मला पहिल्यांदा कळलं. सरांनी कधी अंगठ्यांचं नावही घेतलं नव्हतं. मग तिनं माझ्या जोडलेल्या हातांवर स्टीलचं ताट ठेवलं आणि इकडून तिकडं चालायला लावलं. ताट पडलं की हात हलले. हात हलवायचे नाहीत, पाय हलवायचे. चेंडूच्या मागं हात पाठवायचे नाहीत, आपणच आधी तिथं जाऊन उभं राहायचं. हात म्हणजे नुसती फळी. फळीचं तोंड जिकडं, तिकडं चेंडू जाणार.

"मारना नहीं," ती सारखी सांगायची. "गेंद खुद आती, खुद जाती. तू खाली रस्ता दिखा." खाली म्हणजे तिच्या बोलीत नुसता.

आणि गुडघे वाकवायचे. ते मला सगळ्यात जड जायचं. वाकलं की भिंतीवरचे चेहरे आठवायचे. आपानं ते ओळखलं. स्वतः माझ्यासमोर वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "देख, हसने का क्या है इसमें?" खरंच काही नव्हतं.

काही आठवड्यांत माझ्या हातावरून चेंडू सरळ तिच्या डोक्यावर धरलेल्या हातांत जायला लागला. ती जागची हलायची सुद्धा नाही. तो आवाजच वेगळा असतो, फाडकन नाही, ठप्प असा भरीव. दुखतही नाही. सरांच्या हाती मी महिनोन्महिने उगाच मार खाल्ला, हे तेव्हा उमगलं आणि मला त्यांची आणखीच शिसारी आली.

त्याच सुमारास जालन्याहून एक स्थळ आलं. मुलाची आई, मावशी आणि मुलगा. मी चहा दिला आणि खाली बसले. मुलाच्या आईनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं काही विचारायचं असेल. त्यांनी माझ्या पोलक्याची बाही कोपरापर्यंत सरकवली, हात उजेडाकडं फिरवला आणि बाजारात वांगं दाबून बघतात तसा अंगठा अजून न गेलेल्या निळ्या डागांवर दाबला.

"हे काय? अंगावर काही रोगबिग तर नाय ना?"

"खेळते ती," आई घाईनं म्हणाली.

"मग पायावर बी असतील," मावशी म्हणाली आणि माझ्या साडीच्या काठाकडं बघायला लागली. मुलगा पोह्यातली मिरची निवडून बशीच्या कडेला लावत होता. त्यानं मान वर केली नाही.

मी हात ओढून घेतला आणि आत निघून गेले. मोरीत बसून साबणानं हात घासला. त्या बाईंच्या बोटांना पोह्याचं तेल होतं, ते जाईना. आई मागून आली. मला वाटलं ओरडेल. ती पाण्याचा तांब्या भरून माझ्या हातावर ओतू लागली.

"म्हशीचे दात बघावं तसं," ती म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

बाहेर अण्णांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण ती माणसं चहा अर्धा टाकून गेली आणि त्या वर्षी घरात पुन्हा स्थळाचा विषय निघाला नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामने आमच्याच मैदानावर झाले. चेंडू तोच. सरांनी तो उद्घाटनाला तंबाखूच्या हातानंच पाहुण्यांना दिला. पाहुण्यांनी हात रुमालाला पुसला, ते मी बघितलं. भिंत भरून गेली होती. पहिली सर्व्हिस माझ्यावरच आली. चेंडू ओला लागला, पण हात हलले नाहीत. पाय आधीच तिथं होते. चेंडू वर गेला आणि आपाकडं उतरला. त्यानंतर समोरच्या मुली हटकून माझ्यावरच सर्व्हिस करत होत्या, नवी आहे म्हणून, आणि मी एकेक उचलून देत होते. भिंतीवरून काय ओरडत होते ते ऐकू येत होतं. कान काही बंद करता येत नाहीत. पण चेंडू जायचा तिथं जात होता. अंतिम सामन्यात आम्ही अगदी थोडक्यात हरलो. माझ्या हातून मात्र त्या दिवशी फार थोडे चेंडू वाया गेले.

बक्षीस समारंभात सरांनी मला मंचावर बोलावलं. माझा हात मनगटाला धरून वर केला, सगळ्यांना दिसेल असा.

"ही पोरगी आली तेव्हा चेंडूला भ्यायची," ते माइकवर म्हणाले. "मी मारून मारून हिला तयार केली. पोरींना असंच घडवावं लागतं."

टाळ्या झाल्या. त्यांचा तळवा दमट होता आणि तंबाखू-चुन्याचा वास माझ्या नाकात भरला होता. मी हात सोडवून घ्यायला बघत होते आणि ते सोडत नव्हते, कारण फोटो काढायचा होता. त्या फोटोत माझं तोंड ओकारी आल्यासारखं दिसतं. आपा खाली पहिल्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

पुढं विद्यापीठाच्या संघाच्या शिबिरासाठी आम्हा दोघींना बोलावणं आलं. शिबिर घेणार होते आमचेच सर. त्या हंगामासाठी त्यांनाच नेमलं होतं. मी जाणार नाही म्हणाले.

आपा भडकली. "उस थुंकड्या के वास्ते तू खेल छोड़ती?"

"खेळ नाय सोडत. त्याला सोडते."

"एकच बात है, पगली!"

एकच गोष्ट नव्हती, पण मला तिला पटवता आलं नाही. ती माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. शिबिराला गेली, संघात निवडली गेली, बाहेरगावी खेळून आली. परत आल्यावर छावणीच्या मैदानावर भेटली तेव्हा मी विचारलं, कसं होतं. चेंडू हातात फिरवत ती म्हणाली, "वैसाच था, जैसा था. मगर मैं खेली." मग चेंडू माझ्याकडं टाकला आणि आम्ही ऊन चढेपर्यंत पास देत राहिलो. लग्न होऊन ती हैदराबादला गेली तोवर आम्ही तिथं खेळत होतो.

विद्यापीठाच्या संघात माझं नाव कधीच लागलं नाही. नंतर मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, सोयगावला मुलींच्या शाळेत लागले. नोकरीच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलंच, एवढं चांगलं खेळत होतात तर विद्यापीठाला का नाही खेळलात? मी कारण सांगितलं. ते गृहस्थ हसून म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून? घरचेही पुढं असंच म्हणाले, मैत्रिणीही म्हणाल्या. मला ते एवढंतेवढं तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आजही वाटत नाही.