ऑपरेटरबाईंनी गच्चीची लाइन तोडली तेव्हा

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना दुसरं नाव कुणी दिलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. सुरुवातीला समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. एका गावाची दोरी दुसऱ्या गावाच्या भोकात खुपसायची, "बोला" म्हणायचं आणि आपण लाइनवरून उतरायचं.

हे उतरणं बाईंच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणी चोरून ऐकायच्या आणि कुणाचं जमतंय, कुणाचं फिसकटतंय ते डबा खाताना चघळायच्या. बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी देवाला साक्षी ठेवलं होतं की, परक्याचं बोलणं आपण ऐकायचं नाही. अपवाद एकच झाला. वजनमाप कार्यालयातून रोज अकराला एक आवाज मुख्य कचेरीला लागायचा आणि अख्ख्या फोनमध्ये तीनच शब्द बोलायचा: हो, नाही, ठीक. एवढ्यात या माणसाचं भागतं कसं, या कुतूहलापोटी बाई दोन मिनिटं जास्त थांबल्या. त्या दोन मिनिटांची शिक्षा म्हणा की बक्षीस म्हणा, त्या आवाजाशीच पुढे त्यांचं लग्न झालं.

साहेबांची हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली, आणि घरातही ते शब्द ग्रॅममध्येच द्यायचे. चौतीस वर्षांच्या संसारात बाई बोलत राहिल्या आणि साहेब ठीक म्हणत राहिले. देवाने जोडी जमवताना सगळी बडबड एकाच्याच पदरात टाकली, असं बाई स्वतःच म्हणायच्या.

निवृत्तीनंतर बाईंचा हात शिवशिवायला लागला. गल्लीतले सगळे एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर होते. तिथे शेजारणीचं लिहिलेलं दिसायच्या आधी दहा जाहिराती दिसायच्या, आणि शेजारीण दिसलीच तर चार दिवसांनी. मग कुणाकडून तरी बाईंना कळलं की, जगात हजारो माणसं आपल्या घरातच छोटा सर्व्हर ठेवतात, त्यावर आपल्या ओळखीपाळखीच्यांना खाती देतात, आणि हे सगळे सर्व्हर आपापसात बोलतात. मालक कुणीच नाही. दुसऱ्या कुणाला हे समजायला एक दुपार लागली असती. बाईंना अर्धं वाक्य पुरलं. गावोगाव एक्स्चेंज आणि मधे ट्रंक लाइन, दुसरं काय?

त्यांनी पडदा फुटलेला एक जुना लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या फळीवर पिठाच्या डब्यांशेजारी मांडला, दोन महिने डोकं खपवलं, आणि 'अंगण' सुरू झालं. बघता बघता गल्लीतली एकेचाळीस माणसं तिथे आली. मिक्सर लावला की वीज कमी पडून अंगण बसायचं, म्हणून चटण्या सकाळी सहाच्या आत वाटायच्या असा नियम झाला. बाईंना सर्व्हरवरची सगळी खाती उघडून बघता आली असती, पण जुनी शपथ त्यांनी इथेही लावली. नवीन खातं काढून द्यायचं, "बोला" म्हणायचं आणि उतरायचं. कुणाच्या खात्यात डोकावणं तर सोडाच, त्याच्यावर बोटसुद्धा ठेवायचं नाही.

आणि मग चमत्कार झाला. साहेब लिहायला लागले.

रोज एक ओळ, दुपारी चारच्या सुमाराला. पहिली ओळ होती, 'घरमालकीण आज देवाशी पाऊण तास बोलली. देवाने मधे एकदाही ठीक म्हटलं नाही. त्याचं धैर्य मोठं.' बाई ओट्याशी उभ्या राहून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाहेरच्या खोलीत जाऊन बघितलं तर साहेब वर्तमानपत्रात तोंड घालून बसलेले, चेहऱ्यावर सुरकुती हललेली नाही. बाईंनीही काही दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून चार वाजता हातातलं काम टाकून त्या ओळीची वाट बघायच्या. चौतीस वर्षं जे बोलणं थकलं होतं, ते आता रोज एका ओळीने येत होतं, आणि ते बंद पडलं तर काय, हा विचारही त्या मनात येऊ देत नसत.

आता वन्सं. साहेबांची थोरली बहीण, निवृत्त ग्रंथपाल, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बाईंचं अंगण बघून तिनेही वर्षभरात आपला सर्व्हर काढला आणि नाव ठेवलं 'गच्ची'. अंगणापेक्षा उंच, हे सांगायची गरजच नव्हती. तिचा सर्व्हर नवा कोरा, थंड खोलीत, काचेच्या कपाटात. तिथलं पान कुणीही उघडून वाचावं, पण कुणाचं लिखाण रोज आपल्याकडे आपोआप यायला हवं असेल तर आधी विनंती पाठवायची, समोरच्याने ती मंजूर करायची. वाचनालयाचं सभासदत्वच जणू.

एका मंगळवारी बाईंनी अंगणावर जाहीर केलं की, अपडेटसाठी सर्व्हर दोन तास बंद राहील. तो बुधवारी दुपारी उठला. पहिली प्रतिक्रिया गच्चीवरून आली: 'वहिनींच्या सर्व्हरला वाफ लागली वाटतं. झाकण काढून बघा.'

त्याला त्रेपन्न जणांनी आवडल्याचे बदाम दिले. बाईंनी ते मोजले. त्यातले सव्वीस आपल्याच गल्लीतले निघाले, हे जिव्हारी लागलं.

वन्संचं एकटीचं खातं बंद करता आलं असतं. पण रागाच्या भरात बाईंनी अख्खी गच्चीच ब्लॉक केली. पडद्यावर लांबलचक इशारा आला, तो त्यांनी औषधाच्या पुडीतल्या कागदासारखा, पहिली ओळ वाचून बाजूला सारला. एक्स्चेंजमध्ये एका शिवराळ गिऱ्हाइकापायी कुणी पूर्ण गावाची ट्रंक तोडली असती, तर त्याच बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता. पण आपल्या नणंदेची गोष्ट निघाली की नियमांची पुस्तकं माणसाला सापडत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी कंडक्टर दारात उभे. बसवर सगळी नोकरी काढलेला माणूस, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. गच्चीवरच्या एका दंतवैद्याबरोबर त्यांचा बुद्धिबळाचा डाव चालू होता, रोज एक चाल.

"बाई, माझा घोडा त्याच्या वजिरावर आहे," ते म्हणाले. "आणि तुम्ही मधेच पूल पाडलात."

बाईंनी तांत्रिक कारण सांगितलं. सांगताना जीभ जरा अडखळली, कारण खोटं बोलायची सवय नव्हती. कंडक्टरांनी चहा घेतला, मान डोलावली, आणि पाचव्या दिवशी आपलं खातं उचलून गच्चीवर बिऱ्हाड केलं. या जाळ्यात तशी सोय असते. एका सर्व्हरवर नाही पटलं तर दुसऱ्यावर जावं. त्यांच्या मागोमाग शिंपी गेला, मग दोघी नर्सा, मग तळमजल्यावरचं पूर्ण कुटुंब. प्रत्येकजण जाताना बाईंना भेटून, काकुळतीला येऊन, "तुमच्यावर राग नाही हो" म्हणून जायचा. एकेचाळिसाचे बावीस झाले.

ते बाईंनी गिळलं असतं. खरा घाव वेगळाच बसला होता. ज्या दिवशी गच्ची बंद केली, त्या दिवसापासून चारची ओळ आली नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, सुचलं नसेल. तिसऱ्या दिवशी वाटलं, बहिणीचा अपमान झाला म्हणून रुसले. सहाव्या दिवशी रुसवा मागे पडला आणि आजाराची भीती डोक्यात शिरली. येता-जाता साहेबांच्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. रक्तदाब मोजून घेतला, तोही बरोबर. रोजची प्रार्थना लांबली. देवाला त्यांनी स्पष्ट सांगितलं की, गल्लीतली उरलेली बावीस माणसंही ने हवी तर, पण ती एक ओळ परत दे. साहेबांना मात्र विचारलं नाही. विचारायचं तर मी रोज वाचते हे कबूल करावं लागलं असतं. त्यांचं खातं उघडून बघावं, असं शंभरदा वाटलं. शपथ आडवी आली.

अकराव्या दिवशी कंडक्टर भाजी घेऊन जिन्यात भेटले. जड पिशवी खाली ठेवून ते मनापासून हसत म्हणाले की, काल साहेबांनी कमालच केली, आम्ही दोघं नवरा-बायको जेवता जेवता ठसकलो.

"काल?" बाई म्हणाल्या. "कुठे लिहिलं त्यांनी?"

"कुठे म्हणजे? गच्चीवर. ते तर तीन महिन्यांपासून तिथेच आहेत की. तुम्हाला अजून ठाऊक नाही?"

बाईंना ठाऊक नव्हतं. झालं होतं असं की, तीन महिन्यांपूर्वी साहेबांच्या एका ओळीला बाईंनी, शपथ क्षणभर बाजूला ठेवून, 'वाचकांनी जपून वाचावे' अशी पट्टी लावली होती, कारण ओळ बाईंच्या घोरण्यावर होती. साहेब मुकाट्याने खातं उचलून बहिणीकडे गेले. माणूस हलला की त्याचे जुने वाचक नव्या विनंतीशिवाय आपोआप त्याच्यामागे जातात, त्यामुळे बाईंना ओळी येत राहिल्या, आणि नावापुढचा पत्ता बदललाय इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. नवऱ्याचा पत्ता कोण वाचतं?

म्हणजे वन्संना हाकलताना बाईंनी स्वतःच्या हाताने घरधन्याला दाराबाहेर काढलं होतं.

त्या धावत वर आल्या. गच्चीचं पान बाहेरून कुणालाही वाचता येत होतं. गल्लीतल्या प्रत्येकासाठी चव्हाट्यावर लावलेलं वाचणं म्हणजे काही डोकावणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि पान उघडलं. अकरा दिवसांच्या अकरा ओळी तिथे वाळत घातल्यासारख्या लटकत होत्या.

'घरमालकिणीने ट्रंक तोडली. मी पलीकडे राहिलो. आवाज दिला नाही, बघू कधी कळतं.'

'आज कपाळाला तीनदा हात. ताप नाही. पण इतक्या प्रेमाने शोधतेय तर आणावा म्हणतो.'

'भाजीत मीठ दोनदा पडलं. तक्रार नाही, फक्त नोंद.'

'घरमालकीण देवाला काय सांगते ते भिंतीतून ऐकू आलं. एक ओळ मागतेय. कुणाची, ते नाव घेतलं नाही. मला शंका आहे.'

प्रत्येक ओळीखाली बदामांची रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढे वन्सं. अख्ख्या दोन गल्ल्यांना अकरा दिवस घरबसल्या नाटक चालू होतं, आणि तिकीट फक्त नायिकेला मिळालं नव्हतं.

बाईंना आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि मीठ दोनदाच्या ओळीशी पोचल्यावर त्यांना हसू आवरेना. त्यांनी गच्चीवरचा ब्लॉक काढला. पण काही परत आलं नाही. आता त्या इशाऱ्याचा राहिलेला भाग त्यांनी वाचला: लाइन तोडली की दोन्हीकडची सगळी नाती तुटतात, आणि पुन्हा जोडली तरी ज्याने त्याने नव्याने विनंती करायची. गच्चीवर मंजुरीशिवाय विनंती पुढे सरकत नव्हती, आणि अंगणाला गच्ची पुन्हा उघडते की नाही, ते वन्संच्या हातात होतं.

बाईंनी फोन लावला.

"वन्सं, मी दार उघडलंय."

"दिसलं," पलीकडून आवाज आला. "दार तुमचं, कुलूप तुमचं. आम्ही कुठे हललो होतो, वहिनी?"

"माझं चुकलं. एका माणसापायी अख्खी ट्रंक तोडली."

"त्या माणसापायी म्हणजे माझ्यापायी का?"

"हो, तुमच्यापायी. वाफेचं बोललात ते लागलं मला."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला, आणि गच्ची अंगणाला पुन्हा उघडली. मग वन्सं म्हणाल्या की, वाफेचं त्यांनी जरा जास्तच लिहिलं, ते काढून टाकतील. पण बदाम पडलेलं लिखाण काढायला जिवावर येतं. शेवटी असं ठरलं की, ते राहू द्यायचं आणि बाईंनी खाली काहीतरी झणझणीत उत्तर लिहायचं. दोघींना उत्तर फोनवरच सुचलं, आणि ते लिहिण्याजोगं नव्हतं.

अंगणावर बाईंनी जाहीर केलं. आधी 'तांत्रिक बिघाडामुळे' असं लिहिलं, मग देव बघतोय म्हणून खोडलं. मग लिहिलं, 'बिघाड माझ्या डोक्यात होता. दुरुस्त केला आहे. गच्चीवरच्या आपापल्या माणसांना पुन्हा विनंती पाठवा, त्रासाबद्दल क्षमस्व.' कंडक्टरांनी बिऱ्हाड मात्र परत आणलं नाही. तिथली हवा मानवली म्हणाले. बाईंना ते लागलं, पण कुणी कुठेही राहावं यासाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

उरली एक विनंती.

साहेब बाहेरच्या खोलीत चहा पीत होते, फोन बशीशेजारी. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या, पदराने चष्मा पुसला आणि बटण दाबलं. बशीशेजारचा फोन थरथरला. साहेबांनी घोट संपवला, चष्मा लावला, फोन उचलून बराच वेळ वाचला. वाचण्यासारखं तिथे एकच नाव होतं.

"कोण आहे हो?" बाईंनी विचारलं.

"आहे एक बाई. माझं लिहिलेलं वाचायचं म्हणते."

"मग द्या की परवानगी."

"ओळख तपासावी लागते," साहेब म्हणाले. एका दमात इतके शब्द त्यांनी कित्येक महिन्यांत घरात उच्चारले नव्हते. "खातं बनावटही असू शकतं."

"चौतीस वर्षं झाली, अजून तपासताय?"

"वजनावर एकदा मारलेला शिक्का कायमचा चालत नाही. दरवर्षी फेरतपासणी असते." त्यांनी फोन पालथा घातला आणि रिकामा कप पुढे सरकवला. "आधी अजून एक चहा. मग बघतो."

बाई कप घेऊन आत गेल्या. आधण ठेवलं, साखर घातली, आणि दर अर्ध्या मिनिटाला ओट्यावरचा फोन बघत उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी मंजुरी आली नव्हती.