आकडा जुळला होता

मित्रहो, घरी पोहोचून तीन तास झाले, आणि आता हे लिहायला बसलो आहे.

आज सकाळी आम्ही नऊ जण पांढरकवड्याजवळच्या जंगलातील धबधबा पाहण्यास गेलो होतो. वाट दाखविण्यासाठी जवळच्या कोलाम आदिवासी वस्तीतील भीमाबाई सोबत होत्या. शिस्त म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी माणसे मोजत होतो. परतताना घोटाभर पाण्याचा ओढा ओलांडून वीस मिनिटे चाललो आणि मी पुन्हा मोजले. बरोबर नऊ!

भीमाबाई हसू लागल्या. "मले कायले मोजून राह्यले साहेब? मी तं इथलीच!"

त्यांना वगळून मी पुन्हा मोजले. आठ. नसलेली व्यक्ती माझी पत्नी सुनंदा होती.

आम्ही धावतच मागे गेलो. वरच्या अंगाला पाऊस झाल्याने ओढा आता मांड्यांपर्यंत चढला होता आणि पलीकडे सुनंदा दगडावर बसली होती. तिचा पाय मुरगळला होता. तिच्या हाका धबधब्याच्या आवाजात कोणालाच ऐकू आल्या नव्हत्या. काठीने ठाव घेत भीमाबाईंनी मला पलीकडे नेले आणि आम्ही दोघांनी तिला धरून अलीकडे आणले.

सुनंदा एवढेच म्हणाली, "आकडा जुळला असेल ना तुमचा?"



वीस मिनिटे पत्नी सोबत नव्हती, आणि हे मला सकाळीच ओळख झालेल्या बाईंकडून कळावे? तुम्ही सहलीत माणसे कशी मोजता? मी यापुढे नावे घेणार आहे. पहिले तिचे.