मजूर स्त्री क्रमांक तीन

"ही तर आपल्या प्रयोगातली मजूर," साहेब म्हणाले. "तुमच्या वस्तीतलीच ना? उठव तिला. पुढं पाटलांच्या घरच्या बायका बसतील."

ताडकळसचा शेतकरी मेळावा. बाजाराचा दिवस. साहेब म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेती अवजारं विभागाचे प्रमुख, परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेले. मी त्यांचा संशोधन सहायक, वस्तीतला पहिला इंजिनिअर. आणि पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेली ती मजूर माझी आई होती. पेडगावहून एसटी बदलून आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिनं चालवलेलं खुरपं आज लोकांना दाखवणार होते म्हणून.

मी तिच्यापाशी गेलो. "बाई, मागं बसा," म्हणालो.

बाई म्हणालो. आईला.

"बसते की, साहेब," ती म्हणाली, आणि उठून मागं बाभळीखाली जाऊन बसली.

मला साहेब म्हणायचं तिनं प्रयोगाच्या रानातच ठरवलं होतं. आदल्या वर्षी प्रमुखांनी मला फर्मावलं होतं, "तुमच्या वस्तीतल्या बायका आण. त्यांना उन्हाची सवय असते." मी चौघी आणल्या. त्यात आई. ती माझी आई आहे हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. मला तिची लाज वाटली.

ती खुरपायची. मध्येच थांबवून मी तिच्या मनगटावर बोटं ठेवायचो, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. बसून खुरपल्यावर नाडी किती, उभ्यानं खुरपल्यावर किती. मोठा झाल्यावर आईचा हात धरला तो असा.

लांब दांड्याचं ते खुरपं साहेबांनी परदेशी चित्रावरून करून घेतलं होतं. आमच्या काळ्या रानात चालेना. आई दोन दिवस तसंच ओढत राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पातं जरा वाकवून बसवा, साहेब. सरळ हाय म्हणून मातीत रुतायलंय." लोहाराकडून वाकवून आणलं. चाललं. वहीत मी लिहिलं, मजूर स्त्री क्रमांक तीन, नाडी अमुक, वेळ अमुक. पातं कुणी सुचवलं त्याला रकाना नव्हता. मी आखलाही नाही.

मेळाव्याचे प्रमुख पाहुणे साहेबच. त्यांचा परिचय वाचायचं काम माझं. आवाज खणखणीत म्हणून. मजकूरही माझाच. पदव्या, परदेश, शोधनिबंध. आणि शेवटी, "राबणाऱ्या स्त्रीची कंबर सरळ करणारं हे खुरपं साहेबांच्या प्रतिभेतून जन्मलं." टाळ्या पडल्या. मी मागं पाहिलं. आईही टाळ्या वाजवत होती.

परभणीच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. आसपास ओळखीचं कुणी नव्हतं, तेव्हा ती मला तू म्हणाली. "माजं नाव न्हाई घेतलंस ते बेस केलंस. तुजी नोकरी ऱ्हाईल."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. एक हात कमरेवर दाबून ती गाडीत चढली. ते खुरपं कॉलेजात काचेच्या कपाटात होतं. वस्तीत कुणाच्या हाती आलं नव्हतं.

आठवड्यानं साहेबांनी बोलावलं. त्यांना प्राचार्यपदाच्या मुलाखतीला जायचं होतं. "माझ्या संशोधनाची माहिती चांगल्या अक्षरात उतरवून दे." मी लिहायला बसलो. खुरप्याच्या ओळीवर थांबलो. कपाटातून प्रयोगाची वही काढली. मजूर स्त्री क्रमांक तीन, यावर रेघ मारली. वर लिहिलं, गयाबाई, पेडगाव. माझी आई. पातं वाकवायची कल्पना तिची. वही तशीच उघडी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"माहिती. संशोधनाची."

त्यांनी वाचलं. वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाले, "तुझ्या नेमणुकीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तिचं नाव घालणार असाल तर उतरवून देतो. नसाल तर तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी त्यांच्या हातानं लिहिलं. प्राचार्य झाले. माझी मुदत वाढली नाही.

आईला सांगितलं तर ती रडली. "कशाला बोललास रं? माज्या नावानं काय पीक येणार हाय?" दुसऱ्या दिवशी ती खुरपायला गेली. खाली बसूनच खुरपलं तिनं, मरेपर्यंत.

पुढं दुसऱ्या गावी कॉलेजात मला मास्तरकी मिळाली. आता माझ्याही संशोधनाची माहिती छापायला मागतात. मी पहिल्या ओळीत तिचं नाव लिहितो. हे कशाला, हे गाळून छापतो, असं म्हणतात. ताडकळसला आईला बाई म्हणालो, ते काही मला खोडता येत नाही. पण स्वतःचं नाव खोडता येतं. मी म्हणतो, मग माझंही गाळा.