आईंचा बिनपाण्याचा शुक्रवार

यंदाच्या गुड फ्रायडेला आमच्या यवतमाळच्या घरात सकाळीच वादाला तोंड फुटलं. ऊन असं की कुत्रीसुद्धा नालीतून उठत नव्हती… आणि आमच्या सासूबाई, शांताबाई, पाण्याचा थेंब न घेता चर्चला निघालेल्या!

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी सांगते. प्रभू येशूला क्रुसावर दिलं, तो हा दिवस. बारा ते तीन उपासना असते आणि क्रुसावरून तो जी सात वाक्यं बोलला, त्यातल्या एकेकावर मंडळीतला एकेक जण बोलतो. उपास बरेच जण करतात, पण पाणी पितात हो. आमच्या आई तेही सोडतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय.

पूर्वी ठीक होतं. आता त्यांना मूतखड्याचा त्रास आहे, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. मागच्या वर्षी चर्चच्या पायरीवरच चक्कर येऊन पडल्या, सलाईन लावावी लागली. माझा तर जीवच गेला होता.

म्हणून यंदा मी आधीपासून मागे लागले होते… लिंबूपाणी तरी घ्या. त्यांचं एकच, "तू नोको बोलू वं रोझी, माह्यं अन् प्रभूचं हाय ते." झालं! प्रभूचं नाव घेतल्यावर सुनेनं बोलावं काय? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणे, तुमचं तुम्ही बघा. त्याच्याकडून मदत म्हणजे आनंदच आहे.

शेवटी मी चर्चच्या पाळकसाहेबांकडे चुगली केली. वाटलं, घरी येतील, चांगले रागावतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, यंदा पाचवं वाक्य शांताबाईंना देतो. पाचवं वाक्य म्हणजे, मला तहान लागली आहे. आता ही शिक्षा की बक्षीस, मला काही कळेना… पण आई खूश! आठवडाभर तयारी चालली होती.

चौघांचं बोलून झालं आणि आई उभ्या राहिल्या. ओठ सुकलेले, आवाज घोगरा. मी पहिल्याच बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसले होते, पडल्याच तर धावायला.

सुरुवात छान झाली. क्रुसावरचं ऊन, रक्त, टाळूला चिकटलेली जीभ… मग म्हणाल्या, तहान लागली म्हटल्यावर शिपायांनी त्याला स्पंज भरून आंब दिली, म्हणजे आंबट द्राक्षारस, आणि त्यानं ती घेतली. एवढं बोलून आई एकदम थांबल्या. मी बाटली घेऊन अर्धी उठलेच.

"त्यानं तं मागतलं," त्या म्हणाल्या. आमच्याशी नाही, स्वतःशीच. "देवाचा पोरगा असून तहान लागली म्हनून सांगतलं, अन् मारनाऱ्याच्या हातचं घेतलं. मंग मी कोन लागून गेली?"

आणि मग जे आजवर घरात कोणालाच माहीत नव्हतं, ते त्या भर चर्चमध्ये बोलल्या. त्यांची धाकटी बहीण सुमन. आईबापामागे आईंनीच तिला वाढवलेलं. तिनं मारेगावकडच्या एका तांड्यातल्या बंजारा मुलाशी लग्न केलं, म्हणून आईंनी तिचं नावच टाकलं होतं. एकदा ऐन उन्हाळ्यात सुमनमावशी भेटायला आली, दारात उभी राहून पाणी मागितलं… आणि आईंनी दार लावून घेतलं होतं.

"दरसाली मी ते पाप फेडून राह्यली होती," आई रडत म्हणाल्या. "पन फेडनारा तं तो हाय. त्यानं फेडलं. मले निस्तं जाऊन तिची माफी मागाची होती, तेवढंच नाही केलं म्या. रोझी… पानी दे."

मी धावत जाऊन झाकण उघडून बाटली त्यांच्या हातात दिली. आई तिथेच, मंडळीसमोर, घटाघटा अर्धी बाटली प्यायल्या. सहावं वाक्य, पूर्ण झालं आहे, त्यावर बोलायला आमचे एक गुरुजी होते. ते उठले, तेवढं वाक्य म्हणाले, लिहून आणलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि खाली बसले. अख्ख्या चर्चमध्ये मुसमुस चाललेली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही गाडी काढून मारेगावकडे निघालो. वाटेत आईंनी मला किती वेळा विचारलं असेल, तिनं दार लावलं तं? मी म्हटलं, लावलं तर आपण बाहेर बसू. मनातून मीही घाबरलेलीच होते.

सुमनमावशी अंगणात वाळवण उचलत होत्या. आईंना बघून हातातलं सूप तसंच राहिलं. आईंनी हात जोडले, ते दाराचं, पाण्याचं, दरवर्षीच्या बिनपाण्याच्या उपासाचं सांगायला लागल्या… मावशींनी मध्येच थांबवलं. "ते तं म्या कवाच प्रभूपाशी ठेवून देल्लं, ताई. मले वाटे तुले मी नोको आहो. तू काहून एवढी तहानेनं मरून राह्यली होती वं?"

बापा! मी तर हुंदके देऊन रडले. म्हणजे माफी कधीचीच झालेली होती… इकडे आमच्या आई दरवर्षी उन्हात जीव जाळत होत्या.

वाट्याला आलेलं दुःख सोसावं लागतं, प्रार्थनेनं ते सोसायला बळ मिळतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पण आपण ओढून घेतलेल्या दुःखानं पाप फिटत नाही, ते प्रभूनं आधीच फेडलंय, हे मला यंदा खरं कळलं. तेही माझ्या सासूकडून, ज्यांना शिकवायला मी निघाले होते!

परवा मावशींचा फोन आला होता. लोणच्यात मीठ किती घालावं यावरून दोघी बहिणी तासभर कडाकडा भांडल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि डोळे पुसत होते… प्रभू, तुझे किती आभार मानू!